सासू-सासऱ्यांसह दोन आठवडे तंबूत: मोठा तंबू स्वस्तात कसा निवडायचा

इंग्लंडमध्ये ऑगस्टात समुद्राजवळ सहा जणांसाठी कॉटेज बघायला घेतलं की आठवड्याचं भाडं वाचूनच माणूस लॅपटॉप मिटतो. शाळांना सुट्टी तेव्हाच, साताऱ्याहून सासू-सासरे आलेले असतात तेही तेव्हाच, आणि भाव चढलेले असतात तेही तेव्हाच. म्हणून आम्ही स्विंडनहून एम-फोर महामार्ग धरतो आणि वेल्सच्या किनाऱ्यावर तंबू ठोकतो. एखाद्या रात्रीपुरतं कुठल्याही तंबूत निभून जातं. दोन आठवडे राहायचं, त्यात सत्तरी ओलांडलेली माणसं बरोबर, तर मात्र तंबू जरा चिकित्सा करूनच घ्यावा लागतो. दरवर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी याबद्दल विचारतंच, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी खोक्यावरचा आकडा विसरा. ‘सहा जणांचा तंबू’ म्हणजे सहा जण खांद्याला खांदा लावून आडवे झाले तर मावतात, एवढाच त्याचा अर्थ. माणशी साधारण ६० सेंमी रुंदी धरलेली असते. त्यात बॅगा नाहीत, चपला नाहीत, रात्री उठणाऱ्याला पाय टेकायला जागा नाही. माणसं असतील त्यात दोन मिळवा. आम्ही सहा, म्हणून आठ जणांचा घेतला. त्यात दोन-दोन जणांच्या चार खोल्या असतात आणि बहुतेक तंबूंत मधला पडदा काढता येतो. दोन खोल्यांमधला पडदा काढून ती एक मोठी खोली सासू-सासऱ्यांना, एक आम्हाला, एक मुलांना. हा पडदा निघतो का, हे विकत घ्यायच्या आधी विचारा. काही तंबूंत तो शिवलेला असतो.

खोल्या कुठे आहेत हेही बघा. सगळ्या खोल्या एका टोकाला असलेला बोगद्यासारखा लांब तंबू सगळ्यात स्वस्त पडतो आणि उभाही लवकर राहतो. पण त्यात सासऱ्यांचं घोरणं आणि आमच्यामध्ये एक पातळ कापड, बस. दोन्ही टोकांना खोल्या आणि मध्ये बैठकीची जागा असा तंबू मिळाला तर शंभरेक पौंड जास्त मोजा, वसूल होतात. सुनेला रात्री बारापर्यंत नवऱ्याशी कुजबुजायचं असतं आणि सासूबाईंना पहाटे हरिपाठ म्हणायचा असतो. दोन्ही व्हायला हवं.

आता उंची. बैठकीच्या भागात दोन मीटरच्या आसपास उंची हवीच. वाकून वावरणं दोन दिवस गंमत वाटते, नंतर कंबर बोलायला लागते. याहून महत्त्वाचा दाराचा उंबरा. तंबूची जमीन भिंतींना शिवलेली असली की पाणी आणि किडे आत येत नाहीत, पण मग दारापाशी त्या कापडाची चांगली वीतभर उंच कड उभी राहते. अंधारात, झोपेत, चष्म्याशिवाय बाहेर निघालेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका तिथेच अडकतो. चांगल्या तंबूंत ही कड खाली पाडून सपाट करता येते. दुकानात उभा केलेला तंबू असेल तर दारातून चारदा आत-बाहेर करून बघा, तेही पाय न उचलता, म्हातारी माणसं चालतात तसं. विक्रेता बघत राहील. बघू दे.

झोपण्याच्या खोलीचं माप सेंटिमीटरमध्ये मागा. १४० सेंमीच्या खोलीत साधी डबल एअरबेड, म्हणजे साधारण १३७ सेंमीची, जेमतेम बसते. किंग साइज बसत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवरची गादी देऊच नका. उठताना दोघांना ओढावं लागतं. त्यांच्यासाठी पायांच्या घडीच्या खाटा घ्या आणि खाटेच्या पायांखाली जुन्या कार्पेटचे तुकडे घाला, नाहीतर खालचं कापड फाटतं. खाट असो वा एअरबेड, खालून थंडी येतेच, आणि वेल्सच्या ऑगस्टातली रात्र आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीला लाजवेल अशी निघू शकते. अंगावर कितीही घ्या, अंगाखाली काही नसेल तर उपयोग नाही. सासूबाईंनी सामानात कोंबून आणलेली गोधडी आम्ही गादीवर अंथरतो. दुकानातल्या महागड्या मॅटपेक्षा ती सरस ठरली आहे, हे मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

कापडाकडे वळू. लेबलवर २०००, ३०००, ४००० असे मिलिमीटरचे आकडे दिसतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर पाणी झिरपायला लागतं, त्याचं ते माप. इथल्या पावसासाठी बाहेरच्या कापडाला ३००० पुरतं, जमिनीच्या कापडाला याहून बरंच जास्त हवं, कारण त्यावर आपण गुडघे टेकतो. पण पाणी बहुतेक वेळा कापडातून नाही, शिवणीतून येतं. आतून शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे ना, एवढं नखाने चाचपून बघा. सुती मिश्रणाचे तंबू आतून थंड राहतात, पाऊस पडताना पत्र्यासारखे तडतडत नाहीत, सगळं खरं. पण जड, महाग, आणि ओले राहिले की बुरशी. साधा पॉलिएस्टर घ्या.

हवा भरून उभे राहणारे तंबू सध्या फार चालतात. पंप मारला की दहा मिनिटांत उभा, शेजारचे बघत बसतात. मला ते पैसे वाया वाटतात. दोन आठवड्यांत तंबू एकदाच उभा करायचा असतो. तेवढ्या अर्ध्या तासासाठी दीडपट-दुप्पट किंमत का मोजायची? फायबरग्लासच्या काठ्यांचा तंबू घ्या, फक्त काठ्या जाड बघा. मोठ्या तंबूला साडेबारा मिलिमीटरच्या आसपास जाडी बरी. एखादी काठी चिरली तर तेवढीच एक वेगळी विकत मिळते, तीही फार महाग नसते. चिरलेली काठी उघड्या हाताने धरू नका, काचेची कुसळं दिवसभर सलतात.

वाचलेले पैसे खुंट्यांवर घाला. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या वेल्सच्या दगडी जमिनीत पहिल्याच घावाला वाकतात. जाड पोलादी खुंट्या आणि चांगला हातोडा वेगळा घ्या. बोगद्यासारखा तंबू नुसत्या काठ्यांवर उभा राहत नाही, तो दोऱ्यांवर उभा असतो, म्हणून सगळ्या दोऱ्या ताणा, ऊन पडलं असलं तरी. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. तंबूचं अरुंद टोक तिकडे करा आणि दार विरुद्ध बाजूला.

आरक्षण करताना जागेचं माप विचारायला लोक विसरतात. आठ जणांचा तंबू सात-आठ मीटर लांब जातो, दोऱ्या धरून आणखी. आग पसरू नये म्हणून दोन तंबूंमध्ये सहा मीटर अंतर ठेवायला बहुतेक ठिकाणी सांगतात, त्यामुळे ‘थोडं सरकून घेऊ’ हा आपला मंत्र तिथे चालत नाही. गाडीच्या डिकीचाही विचार करा. असा तंबू पंचवीस-तीस किलोचा असतो, आणि साताऱ्याचं सामान वेगळंच.

वीजजोडणीची जागा घेणार असाल तर तंबूच्या तळाशी केबल आत घ्यायला चेनवाली फट हवी. बऱ्याच ठिकाणी दहा अँपिअरच मिळतात, म्हणजे साधारण २३०० वॉट. घरची तीन किलोवॉटची किटली लावलीत की सगळं बंद, आणि मग स्वागतकक्षापर्यंत पायपीट. भाताचा कुकर सातशे वॉटच्या आसपास घेतो, तो खुशाल चालवा. किटली मात्र कमी वॉटची आणा.

गॅसची शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत कधीच नाही. विझत आलेला, नुसती धग राहिलेला बार्बेक्यूसुद्धा ऊब म्हणून आत आणायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि या देशात त्याने झोपेतच माणसं गेलेली आहेत. म्हणून तंबू निवडताना पुढे उघडी पडवी आहे का बघा, किंवा वेगळं छत घ्या. पावसात फोडणी तिथे होते, आणि हिंगाचा वास झोपायच्या खोल्यांत मुरत नाही. सहा जणांच्या श्वासानेच सकाळी कापड आतून ओलं होतं. ती गळती नाही, घाम आहे. वरच्या जाळ्या रात्रभर उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी.

आता स्वस्ताची खरी गोष्ट: वापरलेला तंबू घ्या. हौसेने मोठा तंबू घेऊन एका ओल्या शनिवार-रविवारी कायमचे बरे झालेले इंग्रज गावोगाव आहेत. त्यांचे तंबू गॅरेजमध्ये पडलेले असतात आणि सप्टेंबरात फेसबुक मार्केटप्लेस, गमट्री अशा जुन्या वस्तूंच्या साइटवर विकायला येतात. नव्याला जिथे चार-पाचशे पौंड पडतात, तिथे आम्हाला दीडशेत काम झालं. पण घासाघीस करण्याआधी पिशवी उघडून नाक आत घाला. कुबट वास आला तर चहा न पिता परत या, तो वास कशानेही जात नाही. मग कापडाची आतली बाजू बोटांत चोळा. चिकट लागली किंवा पांढरे पोपडे निघाले तर पाणी अडवणारा लेप गेला. सगळ्या दारांच्या चेन एकदा पूर्ण ओढा, विशेषतः कोपऱ्यावर, कारण अडकतात तिथेच. काठ्या मोजा आणि माहितीपत्रकातल्या संख्येशी ताडून बघा. उभ्या तंबूचा फोटो मागा, आणि बागेत उभा करून दाखवायला तयार असतील तर त्यांना मदत करा. तेवढ्यात तो कसा लावायचा तेही कळतं.

आणल्यावर निघण्याआधीच्या आठवड्यात घरामागे किंवा जवळच्या मैदानात एकदा उभा करा आणि पाण्याचा पाइप मारा. घरच्यांना आतच बसवा, कुठे गळतंय ते त्यांना लगेच कळतं.

परतताना तंबू ओला असणार, हे धरूनच चाला. तो काळ्या पिशव्यांत कोंबून आणा, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उघडा. बागेत ऊन नसेल तर जिन्याच्या कठड्यावर, दारांवर, गॅरेजमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे टाका. आमच्याकडे दोन दिवस जिन्यातून वाकून जावं लागतं. कडा आणि शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघितल्याशिवाय घडी घालू नका.