झाडाच्या सालीवर राखाडी-हिरवे चट्टे दिसतायत? खरडायच्या आधी हे वाचा

पाऊस ओसरला, सोयाबीन निघालं की आपण बगीच्यात जरा निवांत फिरतो आणि मग दिसतं, आंब्याच्या, संत्र्याच्या, जामफळाच्या (पेरूच्या) खोडावर राखाडी-हिरवे चट्टे, कुठे पापुद्र्यासारखे सुटलेले, कुठे सालीला घट्ट चिकटलेले. इंदूर-देवासकडचे बरेच शेतकरी घाबरून लगेच दुकानातून बुरशीनाशक घेऊन येतात. थांबा जरा, हा रोग नाही.

याला लायकेन म्हणतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच जातकुळीतलं. बुरशी आणि शेवाळ दोघं मिळून एकत्र राहतात, बुरशी घर देते आणि शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. याला मुळं नसतात, पाणी पावसातून नि दवातून घेतं, झाडाचा रस ओढत नाही, साल म्हणजे त्याला फक्त बसायला जागा. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होऊन आतलं शेवाळ दिसतं म्हणून पावसात हिरवंगार वाटतं आणि ऊन पडलं की परत राखाडी, त्यामुळे "एका आठवड्यात पसरलं हो" असं वाटतं पण तसं नसतं, वाढ अगदी हळू, वर्षाला काही मिलिमीटर.

मग लक्ष कशाला द्यायचं? तर झाडाकडे. जोमदार झाडावर पानं दाट असतात, खोडावर ऊन कमी पडतं, साल पण वाढत राहते, म्हणून लायकेन कमी. झाड थकलं, शेंडे विरळ झाले की खोडापर्यंत ऊन पोचतं आणि मग हे फोफावतं. म्हणजे लायकेनमुळे झाड वाळत नाही, झाड आधीच कमजोर होतं म्हणून लायकेन वाढलं. म्हातारं झाड असेल आणि फळं नीट देत असेल तर काहीच करू नका, पण पाच-सात वर्षांचं संत्र्याचं झाड चट्ट्यांनी भरलंय आणि पानं पिवळी पडतायत तर आधी मुळाशी बघा. आपल्या माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाच्या चार महिन्यांत मुळं गुदमरतात. चर काढून पाणी बाहेर द्या, आळं डबल रिंगचं करा, म्हणजे खोडाभोवती मातीची एक कडी आणि पाण्यासाठी तिच्या बाहेर दुसरी, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही, कलमाच्या जोडावर माती चढली असेल तर ती ओढून घ्या. कुजलेलं खत घाला, आणि कंपोस्टची इंदूर पद्धत तर आपल्याच गावातली, 1924 ला इथे इंदुरात सुरू झालेल्या शेती संशोधन संस्थेत इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली, ती आपणच विसरलो तर कसं चालेल. वाळलेल्या फांद्या कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद नि चुन्याचा लेप) लावा.

खोडाला बोर्डो पेस्ट दरवर्षी लावताच ना, ती डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) लावा, 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. मोरचूद नि चुना वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. त्यात लायकेन पण मरतं पण फक्त लायकेनसाठी वेगळी फवारणी म्हणजे पैसा वाया. आणि तारेच्या ब्रशने खरडणं तर अजिबात नको, साल सोलली की तिथूनच बुरशी आणि किडी आत शिरतात.

आता ज्यात खरंच घाई करायची ते सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. बोटाने चिरडलं की चिकट रस येतो आणि मुंग्या फिरतायत तर ते पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. सालीवर विष्ठा-भुश्श्याची जाळी आणि खाली भोक दिसलं तर साल खाणारी अळी, जाळी साफ करून भोकात तार घाला, पेट्रोलचा बोळा कोंबून वरून मातीने लिंपा. खोडातून डिंक गळतोय तर तो डिंक्या. आंब्यावर वेगळ्याच पानांचा झुबका उगवलेला असेल तर ते बांडगुळ, हे मात्र खरंच रस पितं, फांदी त्याच्या खालून कापून टाका.

आणि बगीच्यातलं लायकेन खरवडून मसाल्यात घालू नका, त्यावर आपल्याच फवारण्यांचं औषध बसलेलं असतं आणि प्रत्येक जात खायची पण नसते. दगडफूल इंदूरच्या सियागंज बाजारातूनच आणा. ओळख पटत नसेल तर चट्ट्यासकट एखादी बारीक वाळकी फांदी कागदात गुंडाळून कृषी महाविद्यालयात दाखवा, प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, बुरसटते.