‘हद्दाद’ आडनावाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

‘हद्दाद’ म्हणजे लोहार. अरबीत ‘हदीद’ म्हणजे लोखंड, त्याच मुळाक्षरांतून हे नाव आलं. धंद्यावरून नाव घडवायचा तिथला साचाच ठरलेला आहे: सुतार तो नज्जार, शिंपी तो खय्यात, पाव भाजणारा खब्बाज. आपल्याकडची अत्तार, नदाफ, सराफ ही आडनावंही त्याच साच्यातून आलेली. अर्थ इतका सरळ असूनही या आडनावाचा माग काढताना लोक हमखास चुकतात.

एक आडनाव म्हणजे एक घराणं, असं धरू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. लोहार गावोगाव होते, त्यामुळे हे आडनाव लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन, ट्युनिशिया, अल्जीरिया असं ठिकठिकाणी आपापलं पडलं. दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, तसंच हे. आणि हद्दाद म्हटलं की पूर्वज लोहारच, हेही खरं नाही. येमेनमधल्या तरीमचे सुफी विद्वान अब्दुल्ला इब्न अलवी अल-हद्दाद (1634–1720) सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातल्या घराण्यातले. त्यांचा एक पूर्वज लोहाराच्या दुकानात जाऊन बसायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. ‘सर्व हद्दादांचा मूळ पुरुष’ दाखवणारी वंशावळ कुणी विकत असेल, तर पैसे देऊ नका.

आडनावावरून धर्म ठरवू नका

लेबनॉन-सीरियात हे आडनाव ख्रिस्ती घरांत फार आढळतं, म्हणून ते ख्रिस्तीच असा समज आहे. पण स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारे ट्युनिशियाचे ताहर हद्दाद (1899–1935) मुसलमान होते. त्याच ट्युनिशियात हद्दाद आडनावाचे ज्यूही आहेत.

यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नका

अरबीत हे नाव चार अक्षरांत लिहितात: हे, दाल, अलिफ, दाल. ‘द’चं द्वित्व दाखवणारं शद्दा हे चिन्ह रोजच्या लिखाणात गाळतात. मग तीच चार अक्षरं ‘हिदाद’ अशीही वाचता येतात, आणि त्याचा अर्थ होतो शोक पाळणं. नाव कुठून आलंय हे न बघता नुसता शब्द यंत्रात टाकला, तर लोहाराच्या जागी सुतक येऊ शकतं. दुसरा घोळ हदद या प्राचीन वादळाच्या देवाशी होतो. आरामी भाषेत त्याच्या नावातला ‘ह’ निराळ्या अक्षराचा आहे. नागरीत दोन्ही ‘ह’ सारखेच दिसतात, म्हणून आपण जास्त सावध राहायला हवं.

नोंद कुणी आणि कधी केली, हे आधी बघा

अल्जीरियात फ्रेंच सरकारने 1882 च्या कायद्याने लोकांवर कायमची आडनावं लादली. तिथे एखाद्या घराचं आडनाव कागदावर 1880 नंतरच उमटलं असेल, तर त्याआधीचा शोध बाप-आजाच्या नावानेच घ्यावा लागतो. तुर्कस्तानात 1934 च्या कायद्याने सगळ्यांना तुर्की आडनाव घ्यावं लागलं, त्यामुळे तिथल्या अरबी घराचं जुनं नाव नव्या कागदांत सापडेलच असं नाही. ब्राझीलला गेलेले सीरियन-लेबनीज उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या कागदपत्रांवर आले, म्हणून त्यांना ‘तुर्को’च म्हटलं गेलं. नोंदीत ‘तुर्क’ दिसलं म्हणून ती बाजूला टाकू नका. 2018 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले फर्नांडो हद्दाद यांचे वडील लेबनॉनहून आलेले. अमेरिकेत काही हद्दादांनी अर्थ धरून ‘स्मिथ’ हे नाव घेतलं, ते हद्दादांच्या यादीत सापडायचेच नाहीत.

आकडे बघताना

किती देशांत किती हद्दाद, हे सांगणारी संकेतस्थळं रोमन स्पेलिंग मोजतात. एक ‘डी’, दोन ‘डी’, पुढे ‘अल’ किंवा ‘एल’: एकाच घरातली माणसं अशी तीन-चार ओळींत विखुरतात. सगळी रूपं शोधा, पण त्यांची आंधळी बेरीज करू नका, कारण एका ‘डी’चं नाव भलतंच असू शकतं. गावाचं नाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव जुळलं तरच नोंद आपली म्हणा. ख्रिस्ती घर असेल तर गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही आधी मागा.