पहिली हंटिंग रायफल, खिशात पाचशे डॉलर: या चुका टाळा

नोव्हेंबर जवळ आला की पेनसिल्वेनियातल्या आपल्या मंडळींपैकी एकाचा तरी फोन येतोच. ऑफिसातला कुणी सहकारी हरणाच्या शिकारीला चल म्हणालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "पाचशे डॉलरात कुठली रायफल घेऊ?" भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे घरात विचारायला काका-आजोबा नसतात. मग यूट्यूब बघून खरेदी होते. माझीही तशीच झाली होती. खांदा आणि खिसा दोन्ही दुखले, आणि पहिल्या सीझनला हरीण तर सोडाच, निशाण्याचा कागदसुद्धा नीट लागला नाही.

आता माझं ठाम मत झालंय की कुठली रायफल हा या सगळ्यातला सोपा प्रश्न आहे. रूगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट, यातली हाताला बसेल ती घ्या. चारशे-पाचशे डॉलरांची आजची, दर गोळीनंतर खटका (बोल्ट) हाताने मागेपुढे करायची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला नेम मारते. माणसं चुकतात ती दुसरीकडे.

दुकानात जायच्या आधीच

एच-वन, एल-वन, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. अपवाद आहे तो राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणाऱ्याला. 'चालू' या शब्दाखाली रेघ मारा. पेनसिल्वेनियाचं लायसन्स 30 जूनला संपतं. सीझन संपला म्हणून नवं काढायचं राहिलं, तर जुलैत कपाटातली रायफलच तुम्हाला गोत्यात आणते. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, काउंटरमागच्या माणसाला नाही.

यावर आपल्याकडचा जुगाड म्हणजे "तू तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." हे अजिबात करू नका. खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म 4473वर खरा खरेदीदार तुम्हीच का, असं सरळ विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि त्यात मित्रही अडकतो.

तिसरी चूक नकाशाची. न्यू जर्सीतल्या एका मित्राने सगळे कागद रीतसर करून 308 (हे काडतुसाच्या मापाचं नाव) रायफल घेतली, मस्त स्कोप (नेमाची दुर्बीण) लावला, आणि मग नियमपुस्तिका उघडली. न्यू जर्सीत हरणाला अशी रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. आता तो पेनसिल्वेनियाचं बाहेरच्या रहिवाशाचं जास्त पैशांचं लायसन्स काढून माझ्याबरोबर येतो. ओहायोत रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं (पुढे बाटलीसारखं निमुळतं न होणारं) लागतं, उदाहरणार्थ 350 लेजंड. पेनसिल्वेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही. ज्या राज्यात शिकार करणार, तिथलं त्या वर्षीचं नियमपत्रक आधी वाचा. फुकट असतं.

'मोठी घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल'

शाळेच्या गणवेशाला हे शहाणपण ठीक आहे. रायफलीला नाही. पुढेमागे एल्कच्या (खूप मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जाऊ म्हणून मी 300 विंचेस्टर मॅग्नम घेतली होती. तिचा धक्का 308च्या साधारण दीडपट बसतो. आमच्या जंगलात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं, तिथे त्या ताकदीचा उपयोग शून्य. शिवाय काडतुसं महाग, म्हणून सराव कमी. सराव कमी म्हणून भीती जास्त.

भीती कशी ओळखायची? पाचवी-सहावी गोळी झाडताना मी घोडा दाबायच्या क्षणी डोळे मिटत होतो, आणि मला ते कळतही नव्हतं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शेजारच्या बेंचवरच्या एका म्हाताऱ्याने ते पाहिलं. माझी रायफल घेऊन पाठ फिरवून त्याने काडतूस भरलं आणि परत दिली. मी नेम धरला, घोडा दाबला. नुसता खट्ट आवाज आला, पण नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं. त्याने आत डमी (दारू नसलेलं खोटं काडतूस) भरली होती. बार उडालाच नव्हता, तरी मी दचकलो होतो. कधी डमी, कधी खरं, असं दुसऱ्याने भरून दिलेलं वापरून ही खोड मोडते. आधी मात्र मॅग्नम विकावी लागली, तीही तोट्यात.

हरणासाठी 243, 7एमएम-08, 6.5 क्रीडमूर, 308 यातलं कुठलंही पुरतं. अंगाने लहान असाल किंवा धक्क्याची धास्ती असेल तर 243. तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही सहज मिळावं असं काडतूस हवं असेल तर 308 किंवा 30-06. फार हलकी रायफल घेऊ नका. खांद्यावर हलकी वाटते, पण धक्का जास्त देते.

सगळे पैसे रायफलीत ओतणं

पाचशेचं बजेट म्हणजे पाचशेची रायफल नव्हे. शिकारीच्या काडतुसांची वीसची पेटी तीस-चाळीस डॉलरांना पडते, आणि सीझनच्या आधी निदान तीन पेट्या झाडायला हव्यात. स्कोपसकट येणारा स्वस्त कॉम्बो पहिल्या वर्षाला चालतो, वाईट नाही. स्कोप वेगळा घेतलात तर 3-9x40 (तीन ते नऊपट मोठं दाखवणारा, 40 मिमी भिंगाचा) भरपूर झाला. मात्र स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या रिंग आणि बेसवर कंजुषी नको.

स्कोप डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच दूर हवा. जवळ बसवला तर पहिल्याच धक्क्याला कड भुवईवर आदळते आणि छानशी रक्ताची चंद्रकोर उमटते. माझी अजून आहे. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी कौतुकाने विचारलं होतं, कुणी काढली म्हणून.

जुनी रायफल घेणं ही खरी काटकसर. बोल्ट काढून नळीत उजेड पाडून बघा. आत गंज, खड्डे नकोत. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नको. लाकडी दस्ता असेल तर मागच्या स्क्रूजवळ चीर शोधा. रेमिंग्टन 700 हाताशी आली तर सीरियल नंबर तपासाच, कारण एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने 2014 मध्ये परत मागवल्या होत्या. घोड्याला हात न लावता बार उडण्याचा धोका होता.

गोळ्या इकडेतिकडे जातायत

लगेच स्कोपला शिव्या देऊ नका. आधी स्क्रू बघा: बेसचे, रिंगचे, मग दस्त्याचे. दहातल्या सहा-सात तक्रारी माझ्यासमोर तिथेच मिटल्यात. मग एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवत मागेपर्यंत न्या. या रायफलींची नळी मोकळी असते, नोट अडायला नको. स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता वाळूच्या पिशवीवर दाबला की वाकून नळीला टेकतो आणि गोळी सरकते. पिशवी थोडी मागे घ्या, दाब कमी करा.

पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ आणि पुढच्या पसरत गेल्या, तर नळी तापलीय. दहा मिनिटं थांबा. हरणावर तुम्ही थंड नळीतून पहिली गोळीच झाडणार आहात, तेव्हा महत्त्व तिलाच. काडतुसाचा ब्रँड किंवा वजन बदललं असेल तर नेम पुन्हा बसवावा लागतो. सेलमध्ये मिळाली म्हणून आदल्या रात्री वेगळी पेटी आणू नका.

क्लिकचा हिशोबही चुकतो. स्कोपची खुंटी फिरवताना होणारा एक खटका म्हणजे एक क्लिक. पाव मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचं माप) स्कोपवर शंभर यार्डांना चार क्लिक म्हणजे एक इंच. पंचवीस यार्डांना त्याच एका इंचाला सोळा क्लिक लागतात. लोक तिथेही चारच फिरवतात आणि स्कोप बिघडला म्हणतात.

कागदावर नेम बसला की बेंच सोडा. मंडळाच्या जेवणाच्या उरलेल्या कागदी ताटल्या घ्या, आठ-नऊ इंचाच्या. हरणाची मर्मस्थानं साधारण तेवढ्याच गोलात असतात. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत पडतात, ते तुमचं अंतर. रायफलीच्या खोक्यावर काही का लिहिलेलं असेना.

थंडीचं एकच सांगतो. बोल्टमध्ये जास्त तेल सोडलं की डिसेंबरच्या गारठ्यात ते घट्ट होतं, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) सुस्तावते आणि काडतूस उडत नाही. पुसून कोरडं ठेवा. न उडालेलं काडतूस असलं तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि पेनसिल्वेनियात रायफल सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी रंग अंगावर लागतो. नुसती टोपी पुरत नाही.

आता जी चूक फक्त आपलीच लोकं करू शकतात ती. रेंजला नेलेली सॅक डिसेंबरात भारतात जाताना केबिन बॅग होते, आणि तळाच्या कप्प्यात एक काडतूस राहिलेलं असतं. इथे निसटलं आणि मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, तर आर्म्स अ‍ॅक्टचं प्रकरण. चुकून राहिलं हे पटवता पटवता सुट्टी जाते. म्हणून माझी रेंजची पिशवी वेगळी, भडक नारिंगी आहे, आणि ती गॅरेजमधून घरात येत नाही. बायकोने तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'पुण्याला नेऊ नये.'