थायलंडला बॅकपॅक घेऊन जाताय? आधी महिना बघा
थायलंडला दोन बाजूंनी समुद्र आहे आणि दोन्हीकडचा पाऊस वेगळा, म्हणून तिकीट काढायच्या आधी हे बघाच. नोव्हेंबर ते एप्रिल पश्चिम किनाऱ्यावरचं क्राबी, को लांटा मस्त, पण पूर्वेकडच्या को सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पडतो, तेव्हा तिकडे नकोच. को ताओ बेटावर जायचं तर बँकॉकहून रात्रीची स्लीपर ट्रेन पकडायची, पहाटे चुंफोनला उतरून फेरीबोट, हॉटेलचा एक रात्रीचा खर्चही वाचतो. सनस्क्रीनचं लेबल वाचा, ऑक्सिबेन्झोन नावाचं रसायन असलेलं २०२१ पासून तिथल्या नॅशनल पार्कमध्ये बंद आहे, प्रवाळ मरतं हो त्याने! बँकॉकचं चतुचक मार्केट शनिवार-रविवारी, सकाळीच जा, दुपारी गल्ल्यांमध्ये जीव उकडतो, आणि आवडलेली वस्तू लगेच घ्या, ते दुकान परत सापडत नाही.