शेंबीवर मीठ टाकताय? या चुका टाळा

पाऊस लागून आठवडा झाला की झेंडूची कोवळी रोपं एका रात्रीत बुडख्यापर्यंत खाल्ली जातात, आणि आपण अळी समजून कडुनिंबाचं तेल फवारत बसतो. आधी पानावर, कुंडीच्या काठावर वाळलेला चकचकीत माग आहे का ते बघा. असेल तर ती शेंबी, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय.

मग हात मिठाकडे जातो. मिठाने शेंबी मरते हे खरं, पण मीठ कुंडीतच राहतं. मी एकदा मिरचीच्या कुंडीत मूठभर फेकलं. शेंबी गेली, पाठोपाठ पानांच्या कडा करपून मिरचीही गेली. मीठ वापरायचंच तर बादलीतल्या पाण्यात घाला आणि वेचलेल्या शेंब्या त्यात टाका.

अंड्याच्या टरफलांवर फार विसंबू नका. 2018 साली ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे उपाय लेट्यूसभोवती करून पाहिले. नुकसान काही कमी झालं नाही. चुन्याचा पट्टा काम करतो, पण कोरडा असेपर्यंत. जुलैत तो कोरडा राहणार कसा?

खरा उपाय कंटाळवाणा आहे. रात्री जेवणं झाली की टॉर्च घेऊन वेचायचं. दिवसा शेंब्या कुंडीखालच्या ताटलीत, तळाच्या भोकात, विटांच्या फटीत दडतात. कुंड्या उचलून बघितल्याशिवाय सापडत नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा आणि ऊन चढायच्या आत उचला, खाली गोळा झालेल्या मिळतील. हातमोजे मात्र हवेतच. गोगलगायी-शेंब्यांच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात, आणि त्या पोटात गेल्या तर माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतात. घरची पालेभाजी म्हणून धुण्यात आळस नको.

माती उकरताना साबुदाण्यासारखे गोळे दिसले तर ते दाणेदार खत समजून परत पुरू नका, ती अंडी असतात. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीतूनही येतात. उघाडीच्या दिवसांत पाणी सकाळीच घाला. संध्याकाळी घातलं की रात्रभर ओल, म्हणजे त्यांना आयतं आमंत्रण.

शेंब्या मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या कुत्रं-मांजर असलेल्या घरी अजिबात नकोत. कुत्री त्या आवडीने खातात आणि दगावतात. वेचून संपल्या असं वाटलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे टॉर्च हाताशी ठेवा, कारण राहिलेली अंडी तेवढ्यात फुटतात.