टॉवरवर अँटेना बसवताना: नट, केबल आणि उत्तरायणाचा मांजा

आयएस 875 (भाग 3) या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे वडोदऱ्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. 0.6 गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र लावलं की दर चौरस मीटरला सुमारे 1162 न्यूटन, म्हणजे साधारण 118 किलोचा रेटा निघतो. असा वारा क्वचितच येतो, पण बांधणी त्याच हिशेबाने करायची. अँटेना पडतो तो बहुतेक वेळा बोल्ट तुटून नव्हे. नट थरथरून ढिला होतो, अँटेना पाइपवर फिरायला लागतो आणि पुढचं काम वारा करतो.

चढण्याआधी दोन गोष्टी. विजेच्या तारा टॉवर आणि अँटेना मिळून होणाऱ्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर असाव्यात. नसतील तर जागा बदला, यात तडजोड नाही. आणि खाली रेडिओ बंद करून त्याची वायर काढून ठेवा. वर माणूस असताना कोणी प्रेस-टू-टॉक (बोलताना दाबायचं प्रक्षेपणाचं बटण) दाबता कामा नये. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या हव्यात: एक सोडायची ती दुसरी अडकवल्यावरच.

अँटेना खालीच जोडून तपासा. 144 ते 146 मेगाहर्ट्झ या हौशी (हॅम) रेडिओच्या पट्ट्यासाठी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा; 1 म्हणजे काहीच नाही) 1.5 च्या आत आला की तो आकडा लिहून ठेवा, पुढे कामी येतो.

पाइपवर यू-बोल्टच्या दोन जोड्या, मध्ये निदान 30 सेंटीमीटर अंतर. एकाच जोडीवर अँटेना डुलतो. 8 मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट घ्या, नायलॉन नट किंवा डबल नट लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांत रुततात आणि नट जागीच जाम होतो. आधी अँटी-सीझ पेस्ट लावा. टॉवरच्या बाजूला बसवायचा असेल तर निदान एक मीटर बाहेर काढा. टॉवर जवळ असला की एका दिशेला सिग्नल दबतो.

खरी गडबड केबलमध्ये होते. कनेक्टरवर केबलचं वजन येऊ देऊ नका. लगेच खाली एक टाय, मग दर 60 सेंटीमीटरला एक. टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात तडकतात. कनेक्टरवर रबराची स्वतःच चिकटणारी टेप दुप्पट ताणून गुंडाळा आणि तिच्यावर काळी पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर न्यायचा, म्हणजे प्रत्येक वेढा कौलासारखा खालच्यावर येतो आणि पाणी आत शिरत नाही. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, पाणी तिथेच ठिबकेल. तिथेच अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा भाग) बसवा आणि तो अर्थिंगला जोडा.

टॉवरला उभा धरणाऱ्या ताणाच्या तारा तीन, एकमेकींशी 120 अंशांत. त्यांचे खुंट उंचीच्या 60 ते 80 टक्के अंतरावर. प्रत्येक टोकाला थिंबल (तारेच्या फाशात बसणारी धातूची खोबण) आणि तीन क्लिपा. क्लिपचा यू भाग तारेच्या मोकळ्या टोकावर, खोगीर (क्लिपचा दुसरा भाग) भार घेणाऱ्या तारेवर. उलटं लावलं तर भार घेणारी तारच चेचली जाते. टर्नबकलमधून (तार ताणायच्या फिरत्या स्क्रूमधून) तार ओवून ते बांधून टाका, नाहीतर ते आपोआप उलगडतं.

वडोदऱ्यात 14 जानेवारीच्या उत्तरायणाच्या पतंगांनंतर एक काम ठरलेलं: अँटेनाच्या काड्यांवर आणि केबलवर अडकलेला मांजा काढणं. खालून ओढू नका, काडी वाकते. वर चढून कात्रीने कापा आणि हातमोजे घाला, त्यात काच असते. तिथे पोहोचलाच आहात तर सगळे नट पाना लावून बघा आणि केबलच्या सालीवर चिरा आहेत का तेही तपासा.

पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर पुन्हा मोजा. आकडा वाढला तर कनेक्टर उघडा. आकडा आधीपेक्षा छान दिसतोय आणि सिग्नल मात्र मंद आहे, तर केबलमध्ये पाणी शिरलंय: परतणारी शक्ती केबलच खाऊन टाकते आणि मीटर खूश दिसतो. अशी केबल वाळवत बसू नका, बदला.