घरात एएम रेडिओ स्वच्छ ऐकू येण्यासाठी काय करावे

एएम स्टेशन नीट लागत नाही असे दिसले की बहुतेकांचा हात आधी रेडिओच्या चकचकीत दांडीकडे जातो. ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमच्या नेहमीच्या पट्ट्यावर, ती कितीही लांब केली तरी सहसा काहीही फरक पडत नाही. एएमचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो. तांब्याची बारीक तार गुंडाळलेली फेराइटची (लोहयुक्त चुंबकी पदार्थाची) ती काळपट कांडी बहुधा आडवी बसवलेली असते. स्टेशन तिच्या लांबीशी काटकोनात असेल तर आवाज सर्वांत मोठा येतो आणि टोकाच्या रेषेत असेल तर जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी आहे : रेडिओ उभ्याचा आडवा न करता जागच्या जागी हळूहळू फिरवावा. आवाज सर्वांत मोठा कुठे आहे, हे कानाला चटकन ठरवता येत नाही, परंतु तो कुठे बुडतो ते लगेच कळते. तेव्हा आधी स्टेशन बुडेल अशी दिशा शोधावी आणि तेथून रेडिओ पाव फेरा वळवावा.

यानंतर खरखरीकडे वळावे. माझ्या मते एएमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ कमजोर लहरींत नसून घरातल्याच उपकरणांत असते, आणि गोंगाट तसाच ठेवून मोठा अँटेना लावला तर स्टेशनबरोबर गोंगाटही वाढू शकतो. रेडिओ बॅटरीवर चालवावा, संगणकासारखी उपकरणे रीतसर बंद करावीत आणि मग घराचा मेन स्विच बंद करून ऐकावे. खरखर थांबली, तर दोषी घरातच आहे. स्विच पुन्हा चालू करून एकेक उपकरण लावत जावे : मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही, दिव्यांचे डिमर, इन्व्हर्टर. चार्जरला फोन जोडलेला नसला तरी तो सॉकेटमध्ये असेपर्यंत गोंगाट करू शकतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवून रेडिओ हातात घेऊन घरभर फिरले, की ज्या वस्तूजवळ खरखर वाढते ती आपोआप सापडते. ती वस्तू बदलता येत नसेल, तर रेडिओपासून दोन-तीन मीटर दूर न्यावी किंवा तिच्या वायरीला फेराइटची क्लिप लावून त्यातून वायरीचे दोन-तीन वेढे घ्यावेत. रेडिओचा स्वतःचा अडॅप्टरही या संशयितांत धरावा.

जागेचे म्हणाल तर, काँक्रीटमधल्या सळ्या आणि लोखंडी कपाटे लहरी अडवतात, त्यामुळे खिडकीजवळची जागा बहुतेक वेळा बरी ठरते.

एवढे करूनही दूरचे स्टेशन क्षीणच राहिले, तर लूप अँटेना करावा. 60 सेंटिमीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर आवरण असलेल्या तारेचे 10 ते 11 वेढे, एकमेकांपासून सुमारे 6 मिलिमीटर अंतर ठेवून, गुंडाळावेत. यासाठी सुमारे 27 मीटर तार लागते. तारेची दोन टोके 365 पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (जुन्या रेडिओत स्टेशन लावण्यासाठी फिरवतात त्या कंडेन्सरला) जोडावीत. पट्ट्याच्या खालच्या टोकाची, म्हणजे कमी किलोहर्ट्झची, स्टेशने लागत नसतील तर एक वेढा वाढवावा, वरच्या टोकाची लागत नसतील तर कमी करावा. रेडिओला एकही वायर जोडायची नाही. तो चौकटीजवळ असा ठेवावा, की त्यातली कांडी चौकटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येईल. रेडिओवर स्टेशन लावून कंडेन्सर अगदी सावकाश फिरवावा. एका ठरावीक बिंदूवर आवाज एकदम उसळून येतो आणि केसभर पुढे गेले की पुन्हा बसतो.

रात्री वातावरणातील आयनांचा खालचा थर विरळ होतो, लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात आणि एकाच जागी दोन स्टेशने एकमेकांवर चढतात. अशा वेळी चौकट आणि रेडिओ एकत्रच वळवावेत. चौकटीची कड हव्या त्या स्टेशनकडे असावी. मात्र नको असलेले स्टेशन फारच त्रास देत असेल, तर आपले स्टेशन थोडे मंद झाले तरी चालेल, पण चौकटीचा सपाट पृष्ठभाग त्या नकोशा स्टेशनाकडेच करावा.